गिरण्या गेल्या, पण कामगारांचे कागद गावातल्या ट्रंकेत आहेत; ते वाचवायचे कसे?

सोलापूर : जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात साठीच्या पुढच्या माणसापुढे ही नावं घ्या. घरातला, भावकीतला नाहीतर शेजारचा कोणीतरी यातल्या एका गिरणीत होता, असं उत्तर हमखास येतं. गिरण्या बंद पडल्या. यंत्रं भंगारात गेली. कुठे इमारती पाडल्या, कुठे त्या ऊन-पावसात आपोआप पडल्या, आणि मोकळ्या जागेवर घरं, दुकानं उभी राहिली. बांधकाम गेलं ते काही परत येणार नाही.

पण कामगारांचे कागद अजून आहेत. बदली कार्ड, पगारचिठ्ठी, पीएफची पावती, युनियनची वर्गणी, खात्यातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो. हे सगळं शहरातल्या कार्यालयांपेक्षा अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, दक्षिण सोलापूर अशा तालुक्यांतल्या घरांत जास्त सापडेल. कारण साधं आहे. काम सुटल्यावर माणूस गावी आला, येताना पत्र्याची ट्रंक घेऊन आला आणि ती माळ्यावर गेली.

दर दिवाळीच्या साफसफाईत यातलं थोडं थोडं रद्दीत किंवा चुलीत जातं. १९९० साली पंचविशीत असलेला कामगार आज साठीत आहे. तेव्हा चाळिशीत असलेला पंचाहत्तरीत. म्हणजे हे काम करायचं असेल तर पुढच्या पाच-दहा वर्षांतच करायला हवं. त्यासाठी मोठी संस्था, मोठा निधी लागत नाही. नेमकं काय लागतं, ते इथे क्रमाने बघू.

गिरण्या सोलापुरातच का आल्या?

१८६० मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे सोलापूरला पोहोचली. कापूस आणायला आणि कापड पाठवायला रस्ता झाला. पुढे मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी इथे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी काढली आणि १८७७ च्या सुमारास गिरणी सुरू झाली. हीच आपली जुनी मिल. शहरातली मुरारजी पेठ त्यांच्याच नावाची. तो काळही लक्षात घ्या. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ होता आणि सोलापूर त्यात होरपळलं होतं. शेत पिकत नाही, जनावर जगत नाही, तेव्हा हाताला काम देणारी जागा म्हणजे गिरणी.

एकोणिसावं शतक संपता संपता आणि विसावं सुरू होताना लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. कामाला खेड्यातला कोरडवाहू शेतकरी आला, शेतमजूर आला, तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर आला, कर्नाटकाच्या बाजूचा कानडी बोलणारा आला. एका खात्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा चालायच्या. आज सोलापूरच्या बोलीत या भाषांचं जे मिश्रण ऐकू येतं, त्यात गिरणीचा आणि चाळीचा वाटा मोठा आहे.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. सोलापुरी चादर म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं ती गिरणीत व्हायची. चादर आणि टॉवेल हा मुख्यतः हातमाग आणि यंत्रमागाचा धंदा. गिरणी म्हणजे कापसाच्या गाठीपासून सुतापर्यंत आणि सुतापासून कापडापर्यंत सगळं एका आवारात करणारा मोठा कारखाना. दोन्हीकडचे कामगार एकाच वस्तीत राहायचे, पण काम, पगार आणि कायदे वेगळे होते. आठवणी लिहून घेताना हा फरक विचारून घ्यावा.

आत काम कसं चालायचं?

आजच्या पोरांना 'बाबा मिलमध्ये होते' एवढंच माहीत असतं. कुठल्या खात्यात होते, हे विचारलं की गप्प. खातं कळलं की निम्मा इतिहास कळतो, म्हणून खाती थोडक्यात समजून घेऊ.

कापसाची गाठ फुटायची ब्लो रूममध्ये. तिथे कापूस पिंजला, झाडला जायचा. मग कार्डिंग, म्हणजे तंतू विंचरून जाड पेळू काढायचा. पुढे तो ओढून बारीक करत करत रिंग खात्यात पीळ बसायचा आणि सूत तयार व्हायचं. वाइंडिंगमध्ये सूत कोनावर गुंडाळायचं. वार्पिंगमध्ये ताणा लावायचा. सायझिंगमध्ये ताण्याला खळ द्यायची, म्हणजे मागावर धागा तुटत नाही. मग मागखातं, तिथे धोटा इकडून तिकडे पळायचा आणि कापड निघायचं. शेवटी फोल्डिंग, घडी आणि शिक्का.

प्रत्येक खात्याची अंगावर खूण राहायची. ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये कापसाची भुकटी छातीत जायची आणि दमा लागल्यासारखा खोकला जडायचा. मागखात्यात आवाज एवढा की बोलणं हातवाऱ्यांनी. तिथे आयुष्य काढलेला माणूस म्हातारपणी मोठ्याने बोलतो, कारण त्याला ऐकू कमी येतं. धागा तुटू नये म्हणून काही खात्यांत हवा मुद्दाम दमट ठेवायचे, त्यामुळे बारा महिने घाम.

कायम कामगार आणि बदली कामगार यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. बदलीवाला रोज गेटवर उभा राहायचा. आत कोणी गैरहजर असेल तर त्याला काम, नाहीतर तसाच परत. असं वर्षानुवर्षं चालायचं. कामाला लावणारा जॉबर बहुतेक वेळा गावचा, जातीचा नाहीतर नात्यातला. म्हणून एका गावची माणसं एकाच खात्यात सापडतात. सगळ्यावर हुकूम भोंग्याचा. पाळी बदलायची भोंग्यावर, आणि शहरातली घड्याळंसुद्धा त्याच्यावरच लागायची.

खटला देशभर गाजला, पण कामगाराचं नाव कुठेच नाही

नोंद कोणाची राहते आणि कोणाची नाही, हे समजायला जुन्या मिलचंच उदाहरण पुरेसं आहे.

ऑगस्ट १९४९ मध्ये ही गिरणी बंद पडली. कारभार बिघडला, उत्पादन थांबलं आणि हजारो लोक बेकार झाले. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये खास अध्यादेश काढून गिरणीचा कारभार हातात घेतला आणि मग संसदेने तसा कायदा केला. एका गिरणीसाठी देशाचा स्वतंत्र कायदा! त्याविरुद्ध चिरंजितलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल सरकारच्या बाजूने लागला. समानतेच्या हक्काबद्दलचा हा सुरुवातीचा महत्त्वाचा निकाल मानतात. नंतर द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाने दावा लावला. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने उलट निकाल दिला, की भरपाई न देता अशी मालमत्ता ताब्यात घेता येत नाही. अशा निकालांनंतर १९५५ मध्ये राज्यघटनेत चौथी दुरुस्ती झाली आणि ठरावीक मुदतीसाठी कारभार हातात घेण्याची तरतूद घटनेत आली.

आजही देशभरात कायद्याची पोरं 'शोलापूर मिल केस' वाचतात. त्यात भागधारकांची नावं आहेत, न्यायमूर्तींची आहेत, शेअर किती आणि रक्कम किती हेसुद्धा आहे. ज्यांच्या बेकारीमुळे हा कायदा करावा लागला, ते कामगार त्यात फक्त 'समाजातील एक घटक' म्हणून येतात.

१९३० चंही तसंच. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर उठलं, गिरण्यांचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. ही चार नावं शहर विसरलेलं नाही. पण त्या दिवसांत काम टाकून बाहेर पडलेल्या साध्या कामगारांची नावं कुठे आहेत? इतिहासाच्या अभ्यासक मंजिरी कामत यांनी सोलापूरचे कामगार आणि राष्ट्रीय चळवळ यांवर संशोधन केलं आहे, त्यातून त्या काळाची चांगली कल्पना येते. पण अभ्यासकाला कागद लागतो, आणि जो कागद घरात पडून आहे तो त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

सेटलमेंटची माणसं

काहींची नावं मात्र सरकारने नीट लिहून ठेवली, पण भलत्याच यादीत. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून कैकाडी, पारधी, भाट अशा अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी सोलापुरात जी वसाहत केली, तिला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. तिथल्या बाया-माणसांना गिरणीत कामाला लावलं जायचं. कुंपणात हजेरी, मग गिरणीत हजेरी, परत येऊन पुन्हा हजेरी. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

या घरांसाठी गिरणीचा कागद म्हणजे नुसती आठवण नाही. आजोबाचं नाव पोलिसांच्या हजेरीपटावर होतं तसंच ते रिंग खात्याच्या हजेरीपटावरही होतं, कष्ट करून कमावणारा माणूस म्हणून. ही दुसरी नोंद पोरांच्या हातात यायला हवी.

तुमच्या बांधावरच्या ट्रॅक्टरची गोष्ट

कारखाना पाडला म्हणजे इतिहास संपला, असं सगळीकडे झालेलं नाही. शेतकऱ्याला पटकन कळेल असं उदाहरण मॅसी फर्ग्युसनचं. आपल्याकडे लाल मॅसी गावोगाव आहे. चेन्नईच्या टाफे कंपनीने १९६० पासून ती भारतात आणली. तिचं मूळ घर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या बॅनर लेन इथल्या कारखान्यात. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांची इंजिनं व्हायची, १९४६ पासून फर्ग्युसनचे ट्रॅक्टर निघू लागले. तीस लाखांहून जास्त ट्रॅक्टर तिथून बाहेर पडले. २००२ मध्ये कारखाना बंद झाला, मग पाडला, आणि तिथे घरं झाली. आपल्या गिरण्यांसारखंच.

फरक पुढे आहे. जुन्या फर्ग्युसनचे शौकीन, शेतकरी आणि त्या कारखान्यात काम केलेले लोक यांनी क्लब काढले, माहितीपत्रकं जमवली, आठवणी छापल्या. आज जुन्या करड्या फर्ग्युसनचा नंबर सांगितला की तो कुठल्या साली तयार झाला हे सांगता येतं. आपल्याकडे गिरणी कामगाराचा तिकीट नंबर सांगितला तर तो कोण, कुठला, हे सांगणारं पुस्तक नाही.

भारतातही तेच होऊ घातलंय. हरियाणात पिंजोरला एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना १९७१ मध्ये सुरू झाला. झेटरच्या तंत्रावरचे हे ट्रॅक्टर मजबुतीसाठी नावाजले गेले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो विभाग बंद करायचा निर्णय घेतला. ट्रॅक्टर अजून शेतात चालतात. ते जोडणाऱ्या हातांची नोंद कोण ठेवतंय, हा तिथलाही प्रश्न आहे.

मुंबईने काय केलं आणि कागद कुठे कामाला आला?

मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद झाल्या, जागांवर टॉवर आले. पण नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या कामगारांच्या, त्यांच्या घरच्यांच्या, कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि २००४ मध्ये त्यांचं मोठं पुस्तक आलं. मुंबई महापालिकेने काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुंबईत गिरणी कामगारांसाठी म्हाडाची घरं आली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत काम केल्याचा पुरावा मागितला गेला. तेव्हा लोकांना ट्रंका आठवल्या. तिकीट नंबर, हजेरी कार्ड, ईएसआय कार्ड, पगारचिठ्ठी, पीएफ नंबर. ज्याच्याकडे कागद होता त्याची फाईल पुढे सरकली, ज्याने तो रद्दीत घातला तो साक्षीदार शोधत फिरला. आपल्या जिल्ह्यातली जी माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती, त्यांच्या वारसांना हे चांगलं माहीत आहे.

जातपडताळणीलाही जुना कागद लागतो. अनुसूचित जातीला १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा किंवा वास्तव्याची नोंद शोधताना घरोघरी काय धावपळ होते, ते सांगायला नको. गिरणीच्या जुन्या कागदावर मूळ गाव, वडिलांचं नाव, कधी जातही असते. समिती तो कितपत धरेल हे समिती ठरवते. पण दाखवायला कागद तर हवा!

फक्त शहरापुरती गोष्ट नाही

बार्शीतही कापड गिरण्या होत्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली बार्शी टेक्स्टाईल मिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. म्हणजे तिथले कामगार अजून कामाच्या वयाचे आहेत, त्यांच्या आठवणी ताज्या आहेत. सुरुवात तिथून केली तर सगळ्यात सोपं.

कुर्डुवाडीला बार्शी लाईट रेल्वेचा कारखाना. ही अडीच फुटी छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. रूळ बदलले, गाडी गेली, पण कारखाना राहिला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम केलेली घरं माढा तालुक्यात आहेत.

आणि १५ जून २०२३ विसरून चालणार नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी त्या दिवशी पाडली. ती पडतानाचा व्हिडिओ जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये गेला. काही सेकंदांचा तो व्हिडिओ राहील. पण बॉयलरवर, गव्हाणीवर, वजनकाट्यावर हंगामामागून हंगाम काढलेल्या माणसांचं बोलणं किती जणांनी रेकॉर्ड केलं?

कागद कसे जपायचे?

पहिलं काम, ट्रंक उघडा आणि काहीही फेकू नका. हजेरी कार्ड, बदली कार्ड, पास, पगारचिठ्ठी, पीएफ आणि ईएसआयचे कागद, ग्रॅच्युइटीचा हिशोब, युनियनची पावती, पतपेढीचं पासबुक, चाळीची भाडेपावती, निरोप समारंभाचा फोटो, कोर्टाची नोटीस. घरात जुना धोटा, बॉबिन किंवा पितळी बिल्ला असेल तर तोही ठेवा.

कागदाला लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि उष्णतेने जुना कागद खराब होतो. चिकटपट्टीही लावू नका, काही वर्षांत तिचा पिवळा डाग पडतो. स्टेपलच्या गंजक्या पिना हळू काढा. दिवसाच्या उजेडात, सावलीत, कागद सपाट ठेवून मोबाईलने दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागच्या बाजूला लिहिलेला आकडासुद्धा कामाचा असतो. मग कागद कोरड्या लिफाफ्यात घाला आणि लिफाफ्यावर पेन्सिलीने नाव, गाव, गिरणी, खातं, साल लिहा. शाईचं पेन नको, ती ओलीने उतरते.

फोटोतली माणसं कोण कोण, हे म्हातारे आहेत तोवर विचारून घ्या. डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे. नावाशिवाय फोटो म्हणजे दहा वर्षांनी नुसती अनोळखी तोंडं.

माणसाला काय विचारायचं?

'मिलमध्ये कसं होतं?' असं विचारलं तर 'चांगलं होतं' एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा. पहिल्यांदा गेटवर कोणी नेलं? बदलीत किती वर्षं काढली? तिकीट नंबर काय? पहिला पगार किती, त्यातून घरी काय पाठवलं? पाळीवर गेल्यावर पहिल्या तासात काय काय करायचं? धागा तुटला तर कसा सांधायचा? जॉबरला काय द्यावं लागायचं? खोलीत किती जण राहायचे, जेवण कुठे? सुगीला रजा मिळायची का? बंद पडली हे कसं कळलं, आणि त्यानंतरच्या पहिल्या महिन्यात घर कसं चाललं?

शेवटचा प्रश्न घरातल्या बाईलाही विचारा. गिरण्या बंद झाल्यावर सोलापुरातली कितीतरी घरं विडीवर चालली, आणि त्या विड्या बायकांनी वळल्या. गिरणीत स्वतः काम केलेल्या बायकाही आहेत. पुरुषांच्या मुलाखती झाल्या की काम संपलं असं समजू नये.

साल आठवत नसेल तर घाई करू नका. ओळखीच्या घटनेला बांधून घ्या. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा कामावर होता का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मिल चालू होती का? खेड्यात काळ असाच मोजतात आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. सांगणं आणि कागद जुळत नसेल तर दोन्ही तसंच लिहा, आपल्या मनाने दुरुस्त करू नका.

मोबाईल माणसाजवळ ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद करा. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि नाव बोलून घ्या. एका बैठकीला एक तास पुरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलं की पहिल्या दिवशी न आठवलेलं बरंच बाहेर येतं. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला त्याच्याच भाषेत बोलू द्या.

परवानगी मात्र आधी घ्या. संपात कोण फुटलं, कोणी कोणाला मारलं, जॉबरने काय केलं, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नसतं. आधार, बँक खातं, पीएफ नंबर दिसणारे फोटो ग्रुपवर फिरवू नका. एखादी गोष्ट 'माझ्या मागे सांगा' असं म्हणाले तर तसं लिहून ठेवा आणि पाळा.

जागेच्या खुणा

इमारत गेली तरी नाव राहतं. मुरारजी पेठ, जुनी मिल कंपाऊंड, गिरण्यांच्या नावाच्या चाळी, सेटलमेंट. गेट कुठे होतं, भोंगा कुठे होता, खानावळी कुठल्या गल्लीत, सभा कुठे व्हायच्या, हे जुन्या कामगाराला सोबत घेऊन फिरलं तर एका दुपारी नकाशावर खुणा करता येतात. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर जुन्या मालकांची नावं मिळतात. मालकाच्या नावाची पेठ आहे, तशी कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची वसाहतही आहे. कामगारांच्या बाजूचं नाव नकाशावर येऊ शकतं, फक्त कोणीतरी त्यासाठी धरून बसावं लागतं.

जमवलेलं ठेवायचं कुठे?

मूळ कागद घरातच राहू द्या, तो त्या घराचा हक्क आहे. प्रती तीन ठिकाणी ठेवा. एक घरात पेनड्राईव्हवर, एक गावच्या वाचनालयात किंवा शाळेत, एक तालुक्याच्या महाविद्यालयातल्या इतिहास विभागाकडे किंवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडे. देताना पोच घ्या, यादी जोडा. नुसते हजार फोटो दिले आणि यादी नसेल तर ते कोणाच्याच उपयोगाचे नाहीत.

सरकारी बाजूलाही कागद आहेत. पीएफ कार्यालय, कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय, आणि कंपनी बुडाली असेल तर उच्च न्यायालयाशी जोडलेल्या लिक्विडेटरकडे. सरकारी कार्यालयांत जुन्या फायली मुदतीनंतर नष्ट करायचा नियम असतो. म्हणून माहिती अधिकारात नुसती 'माहिती द्या' असं न विचारता, कुठल्या गिरणीचे कुठले रजिस्टर शिल्लक आहेत याची यादी आधी मागावी.

एका गावाने एवढं केलं तरी पुरे : गिरणीत गेलेल्या सगळ्यांची एक यादी. नाव, गिरणी, खातं, कधी लागले, कधी सुटले, आज हयात आहेत का. चार-पाच पोरं, एक वही आणि दोन रविवार. यादी झाली की आधी सगळ्यात वयस्कर माणसाकडे जा.